सेव्हन टाइप गाडी घरी सांभाळायची तर: आधी वजन, मग सस्पेन्शन आणि ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी

तू काय विचारलंस ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोणीतरी अर्धवट सोडलेली सेव्हन टाइप, म्हणजे जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीची उघडी, हलकी दोन सीटची गाडी तू घेतलीयेस, चौकोनी पाइपची फ्रेम, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढं फायबरचं नाक, इंजिन-गिअरबॉक्स जिप्सीचं १३०० सीसी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं), मागं ईकोचा लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर) आणि ड्रम ब्रेक. तक्रारी तीन. उंचवट्यावर मागची बाजू आडवी सरकते, ब्रेक लाकडी लागतो, म्हणजे पेडल कडक, आणि तरी मागची चाकं आधी लॉक होतात, आणि इंदूरच्या मे महिन्यात जरा उभी ठेवली की काटा लालमध्ये. आणि करायचंय काय, तर पॉड फिल्टर (हवेचा उघडा फिल्टर), कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा शाफ्ट), १५ इंची अलॉय, जमलं तर टर्बो. काका, सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस.

अरे, यादी उलटी धर. मी पीथमपूरला सस्पेन्शनच्या कामात बरीच वर्षं काढलीत आणि राजेंद्रनगरच्या घरी पोर्चमध्ये अशीच एक गाडी सांभाळतोय, त्यावरून सांगतो की तुझ्या गाडीतला जवळजवळ प्रत्येक पार्ट दुप्पट वजनाच्या गाडीसाठी बनलेला आहे. जिप्सी हजार किलोच्या आसपास, ईको पण त्याच घरातली, आणि तुझी गाडी ड्रायव्हर सोडून भरली तर सव्वापाचशे-साडेपाचशे किलो. म्हणजे स्प्रिंग, ब्रेक, टायरची हवा, सगळ्याचे कंपनीचे आकडे तुझ्यासाठी चुकीचे. पार्ट झिजणार नाहीत, ते मजबूत आहेत, पण सेटिंग कुठलंच बसणार नाही. पॉवरची तर तुला ददातच नाही, ८० बीएचपी आणि ५५० किलो म्हणजे टनामागं १४५ बीएचपी, तेच इंजिन जिप्सीत टनामागं ८० च्या आसपास देत होतं. आणि सुझुकीचे पार्ट म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांग, खुद्द केटरहॅमनं, म्हणजे लोटसनंतर सेव्हन बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं, २०१३ साली सेव्हन १६० मध्ये सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन आणि मागं सुझुकीचाच लाइव्ह ॲक्सल बसवला होता, नंतर २०२१ ला १७० आली ती ४४० किलोची, ८४ बीएचपी. तिचे टायर १५५/६५ आर१४. १५ इंची अलॉयचं तू जे म्हणतोस त्याच्यावर पुढं येतोच.

मधेच कायद्याचं बोलून घेतो, कारण हे कोणी सांगत नाही. यूट्यूबवर ब्रिटनची मंडळी घरी गाडी बांधून नंबर प्लेट लावून फिरताना दिसतात, कारण त्यांच्याकडं एकेका गाडीची आयव्हीए नावाची तपासणी असते, ती पास झाली की रजिस्ट्रेशन. ही परंपरा तिथं जुनी आहे, लोटस सेव्हन १९५७ ची, तेव्हा पूर्ण गाडीवर टॅक्स होता आणि किटवर नव्हता म्हणून लोक घरी जोडायचे. (किटबरोबर जोडणीची सूचना दिली तर टॅक्स लागायचा, म्हणून लोटसवाले गाडी सुटी कशी करायची त्याचा कागद द्यायचे, तो उलटा वाचायचा, असं सांगतात.) आपल्याकडं तसं नाही. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सचा १२६ वा नियम प्रोटोटाइपची मंजुरी मागतो, एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची, ती एका माणसाच्या एका गाडीला परवडायची गोष्ट नाही. आणि जिप्सीचं आरसी आहे म्हणून त्याच नंबरवर ही चालवू, असं मनात असेल तर मोटर व्हेइकल ॲक्टचं कलम ५२ वाच, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून हटून केलेला बदल चालणार नाही हे स्पष्ट केलंय. त्यामुळं गाडी ट्रॅकवर नाहीतर खाजगी जागेत, आणि तिथपर्यंत ट्रेलरवर. सुपर कॉरिडॉरवर रात्री बारा वाजता एक चक्कर, हे डोक्यातून काढ. इन्शुरन्स नाही, काही झालं तर घर विकायला लागेल. पीथमपूरचा नॅट्रॅक्स, गाड्यांच्या चाचणीचं केंद्र, जवळ आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, पण तिथं आपण उठलो आणि गेलो असं होत नाही. एखाद्या ओळखीच्या फॅक्टरीचं रिकामं काँक्रीटचं आवार लेखी परवानगीनं मिळव, सेटिंगला तेवढं पुरतं.

आता काम. पहिलं काम वजन, आणि नुसतं एकूण नाही, चारही चाकांचं वेगवेगळं. कॉर्नर वेटचे काटे महाग येतात, त्यांची गरज नाही. घरात वजनाचा काटा असतो ना, पाय ठेवून उभं राहायचा, तो १५० किलोपर्यंत जातो आणि तुझ्या एका चाकावर १५०-१६० येणार, म्हणून फळीची युक्ती. जाड सागवानी नाहीतर प्लायची फळी घे, तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक गोल सळई, एक सळई विटेवर आणि दुसरी काट्यावर, दोन्हीकडं उंची सारखी. चाक बरोबर मधोमध उभं केलं की काटा निम्मं वजन दाखवतो. आधी रिकाम्या फळीनं काट्यावर किती आलं ते वजा करायचं आणि मग दुप्पट. चारही चाकांखाली सारख्याच उंचीची फळी हवी, आणि फरशी लेव्हलमध्ये हवी, त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी सगळ्यात भारी, दोन-तीन मिमीच्या वर फरक असला तर पत्र्याचे तुकडे टाकून भरून काढ. टायरची हवा सारखी, पेट्रोल अर्धी टाकी, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा, डावं-उजवं जोडणारा दांडा) असेल तर एका बाजूनं सुटा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तू स्वतः नाहीतर तुझ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या. टायरखाली दोन पत्रे, मधे ग्रीस, म्हणजे गाडी खाली सोडली की टायर बाजूला सरकू शकतो, नाहीतर सस्पेन्शन अडकून बसतं आणि आकडा खोटा येतो. गाडी हातानं दोन-चारदा दाबून सोड, मग वाच.

समज आकडे असे आले: पुढचं डावं १४८, पुढचं उजवं १३६, मागचं डावं १५०, मागचं उजवं १६६. एकूण ६००. डावं-उजवं जवळजवळ सारखं आहे, पण तिरपी बेरीज बघ, पुढचं उजवं अधिक मागचं डावं म्हणजे २८६, म्हणजे ४७.७ टक्के, आणि दुसरी तिरपी जोडी ५२.३. ही गाडी डाव्या वळणात एक वागणार आणि उजव्या वळणात दुसरं, आणि तुला वाटणार टायर खराब आहेत. हे स्प्रिंगच्या खालच्या रिंगनं सुधारतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं अर्धा अर्धा आटा वर, बाकी दोन अर्धा अर्धा आटा खाली, म्हणजे गाडीची उंची तीच राहते आणि तिरपं वजन ५० कडं सरकतं. परत दाब, परत वाच. एक संध्याकाळ जाते, जाऊ दे. एक लक्षात ठेव, रिंग फिरवून पुढचं-मागचं किंवा डावं-उजवं प्रमाण बदलत नाही, त्यासाठी वस्तूच हलवावी लागते. बॅटरी उजवीकडं असेल तर ती डाव्या सीटच्या मागं ने, एवढ्यानंही चांगला फरक पडतो.

आता तुझी मागची बाजू सरकते ते. नव्वद टक्के तो पॅनहार्ड रॉड आहे. लाइव्ह ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा तो एकटाच रॉड, एक टोक फ्रेमला, दुसरं ॲक्सलला, आणि ॲक्सल वर-खाली होताना तो रॉड वर्तुळात फिरतो म्हणून ॲक्सल थोडा आडवा जातोच. किती जातो हे रॉड सुरुवातीला आडवा आहे की तिरका यावर. ७०० मिमीचा रॉड गाडी उभी असताना लेव्हलमध्ये असेल तर ५० मिमीच्या उसळीला ॲक्सल जेमतेम १.८ मिमी सरकतो. तोच रॉड आधीच ६० मिमी तिरका असेल आणि उसळी आणखी तिरकं करणारी असेल तर त्याच ५० मिमीला ६ मिमी सरकतो. आधीच्या मालकानं गाडी खाली बसवली असणार आणि रॉड तिथंच ठेवला असणार, हे सगळेच करतात. ड्रायव्हर बसवून रॉडवर स्पिरिट लेव्हल ठेव, तिरका दिसला तर फ्रेमकडचा ब्रॅकेट वर किंवा खाली घेऊन नवा वेल्ड करून घे. त्याआधी बुश बघ. एकाला मागून गाडी आडवी ढकलायला सांग आणि तू खाली बसून रॉडच्या टोकांना बोट लावून ठेव, खडखड बोटाला लगेच कळते. रबरचा बुश ढिला असला तर बदल, आणि ब्रॅकेटच्या वेल्डला केसाएवढा तडा आहे का ते टॉर्चच्या उजेडात बघ, कारण हा ब्रॅकेट सगळ्यात जास्त मार खातो.

स्प्रिंगचं म्हणशील तर तुझ्याकडं कुठल्या लागल्यात माहीत नाही, पण बऱ्याच घरगुती गाड्यांत बाइकचे मोनोशॉक दिसतात आणि ते फार कडक असतात, कारण बाइकमध्ये चाक खूप हलतं आणि शॉक थोडा, म्हणून स्प्रिंग जाड ठेवलेली असते. स्प्रिंगवर काही लिहिलेलं नसलं तरी घरी काढता येतं. व्हर्नियरनं तारेची जाडी, वेटोळ्याचा मधला व्यास (बाहेरच्या व्यासातून तारेची एक जाडी वजा) आणि चालती वेटोळी (टोकांची बसलेली सोडून) किती ते मोज. मग ७९००० गुणिले जाडीचा चौथा घात, भागिले ८ गुणिले व्यासाचा घन गुणिले वेटोळी. तार ९ मिमी, व्यास ६०, वेटोळी ६ असतील तर उत्तर साधारण ५० न्यूटन प्रति मिमी. तीच स्प्रिंग ८ मिमी तारेची असती तर ३१. एक मिमीत एवढा फरक, म्हणून डोळ्यांनी बघून स्प्रिंग घेऊ नको.

तुला किती हवी? पुढच्या एका चाकावर सरासरी १४२ किलो, त्यातलं चाक-हब-डिस्कचं ३० किलो सोडलं तर ११२ किलो स्प्रिंगवर. आपल्या रस्त्यांसारख्या जमिनीवर मी १.८ हर्ट्झच्या वर जात नाही, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला १.८ वेळा डोलते. ११२ गुणिले १.८ चा वर्ग गुणिले ०.०३९५ केलं की चाकाशी १४.३ न्यूटन प्रति मिमी येतं. पण स्प्रिंग चाकावर नसते, आत विशबोनवर (चाकाला फ्रेमशी जोडणारा इंग्रजी ए आकाराचा हात) असते. चाक जॅकनं ५० मिमी उचल आणि शॉक किती आखडला ते मोज, ३५ आखडला तर प्रमाण ०.७, आणि याचा वर्ग घ्यायचा, ०.४९. इथंच पोरं चुकतात, नुसत्या ०.७ नं भागतात. १४.३ भागिले ०.४९, म्हणजे २९ न्यूटन प्रति मिमी. स्प्रिंग बनवणाऱ्याशी किलोच्या भाषेत बोलावं लागतं, त्याला ३ किलो प्रति मिमी सांग, मोकळी लांबी आणि आतला व्यास दे, सांवेर रोडला नाहीतर पीथमपूरला कोणीतरी करून देतो. मागचं पण असंच काढ, फक्त मागं ॲक्सलचं अख्खं वजन स्प्रिंगच्या खाली आहे हे धर.

१५ इंची अलॉय नको. दिसायला भारी, मान्य, पण हलक्या गाडीला मोठं चाक म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं, आणि गाडी जितकी हलकी तितकं ते वजन जास्त त्रास देतं. १३ किंवा १४ बस झालं, रुंदी १५५ ते १७५. हवा मात्र दरवाज्यावरच्या स्टिकरची विसर. ३० पीएसआय भरलंस तर टायर मधल्या पट्टीवरच चालेल. थंड टायरला १८ पासून सुरू कर, टायरवर आडवी खडूची रेघ मार, दोन-तीन वळणं घेऊन ये, रेघ कुठं पुसली ते बघ. मधेच पुसली तर कमी कर, दोन्ही कडांना पुसली तर वाढव. आणि टायर नवीन दिसतो म्हणून घेऊ नको, बाजूचे चार आकडे वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हलकी गाडी टायर झिजवत नाही, त्यामुळं खोबण शिल्लक असते आणि रबर मेलेलं असतं.

अलाइनमेंटला दुकानात नेऊ नको, नेताही येणार नाही. मासे पकडायची दोरी, चार स्टँड, दोन्ही बाजूंना गाडीच्या मध्याशी समांतर ताणायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून स्टीलच्या पट्टीनं अंतर घ्यायचं. पुढं टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत) शून्य ते १ मिमी आत, कँबर (समोरून बघताना चाकाचा कल) उणे १ ते दीड अंश, म्हणजे वरची कड आत, मागं लाइव्ह ॲक्सल आहे म्हणजे तिथं काही करायचं नाही, फक्त ॲक्सल सरळ बसलाय का बघ.

ब्रेक. सेव्हनच्या नाकात जागा नसते म्हणून बांधणाऱ्यांनी बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) काढला, पण पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडलनं ब्रेक ऑइल दाबणारा) बूस्टरवालंच ठेवलं, म्हणून लाकडी लागतो. दोन गोष्टी मोज. पेडलच्या पिनपासून पायाच्या पॅडच्या मध्यापर्यंत किती, आणि पिनपासून पुशरॉडपर्यंत किती, पहिल्याला दुसऱ्यानं भाग. बूस्टर असलेल्या गाडीत ४ च्या आसपास येतं, तुला साडेपाच-सहा हवं. आणि मास्टर सिलिंडरवर व्यास ओतलेला असतो तो बघ, समज ७/८ इंच आहे आणि तू ३/४ लावलास तर तेवढ्याच पायाच्या जोरात ३६ टक्के जास्त प्रेशर मिळेल, पेडल मात्र त्याच प्रमाणात जास्त खाली जाईल. दोन्ही एकदम बदलू नकोस, पेडल जमिनीला टेकेल.

मागची आधी लॉक होतात त्याचं कारण वेगळं. खरं तर तुझी गाडी बुटकी आहे, ब्रेक मारल्यावर वजन पुढं कमी जातं, म्हणजे व्हॅनपेक्षा मागचा ब्रेक तिला जास्त चालायला हवा. पण कंपनीच्या गाडीत मागच्या लाइनमध्ये प्रेशर कापणारा व्हॉल्व्ह असतो आणि घरी बांधणारे तो हमखास गाळतात. वर पुढचे पॅड अशा हलक्या गाडीत तापतच नाहीत, काचेसारखे गुळगुळीत होऊन बसतात. तेव्हा पॅड काढून पॉलिश पेपरनं घास, शक्यतो थंडीतही पकडणारा मऊ पॅड घे, आणि मागच्या लाइनला फिरवायचा प्रेशर व्हॉल्व्ह लाव. मग रिकाम्या ओल्या जागेवर ३० च्या स्पीडला ब्रेक मारायचा आणि बाहेर उभ्या माणसानं बघायचं कुठलं चाक आधी थांबलं. पुढचं आधी थांबेपर्यंत व्हॉल्व्ह आवळत जा. कोरड्यावर परत बघ. हे झाल्याशिवाय जोरात चालवू नको, बाकी कशाचीही घाई कर.

ब्रेक ऑइल डॉट ४, दरवर्षी पावसाळा संपला की बदल. ते हवेतली ओल ओढतं, नवीन असताना २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल शिरली की १५५ वर येतं. पॅनेलच्या पेंटवर सांडलं तर ताबडतोब पाणी ओत.

गरम होण्याचं. पहिल्यांदा फॅन उलटा तर फिरत नाही ना ते बघ, हसू नको, दोन वायरी उलट्या लागल्या की फॅन हवा पुढं ढकलतो आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. रेडिएटरच्या पुढं वर्तमानपत्राचा कागद धर, चिकटला पाहिजे. दुसरं, हवा उतारावरच्या पाण्यासारखी सोपी वाट धरते, नाकातून आत आलेली हवा रेडिएटरच्या बाजूनं निघून जात असेल तर रेडिएटर कितीही मोठा लाव, उपयोग नाही. नाकापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत पत्र्याची नाहीतर जाड फोमची पेटी कर, बोट जाईल एवढीही फट नको. तिसरं, आणि तुझं बहुतेक हेच असेल, या गाड्यांत रेडिएटरचं तोंड इंजिनच्या हेडपेक्षा खाली असतं, त्यामुळं हवा हेडमध्ये अडकून राहते. कूलंटची टाकी सगळ्यात उंच जागी हवी, आणि भरताना नाक रॅम्पवर चढवून, हीटरची वरची नळी ढिली करून, बुडबुडे थांबेपर्यंत भरायचं. तुला मिस्त्री म्हणेल, "थर्मोस्टॅट निकाल दो भिया, गाड़ी ठंडी चलेगी." नको काढूस. थर्मोस्टॅट काढला की थंडीत इंजिन तापतच नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल टाकत राहतो, ऑइल पातळ होतं. नवा थर्मोस्टॅट, नवं प्रेशर कॅप, तयार कूलंट. बोरिंगचं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडच्या पाण्याचा क्षार बादलीवर दिसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

आता रोजचं सांभाळणं, म्हणजे खरं तर नट-बोल्ट. हलक्या गाडीत इंजिनची थरथर जिरवायला वजन नसतं, सगळी फ्रेममध्ये जाते. सस्पेन्शनचे सगळे बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा असतो, नसलेला घेऊ नको, सियागंजला मागितलं तर मिळतो पण मागावा लागतो, नाहीतर तो हाताला येईल ते देतो. आटे ब्रॅकेटच्या भोकात येता कामा नयेत, तिथं सपाट दांडाच हवा. एम८ ला साधारण २३-२५ न्यूटन मीटर, एम१० ला ४५-५०, अंदाजानं नाही, टॉर्क रेंचनं. नायलॉनवाला नट एकदा काढला की फेकायचा. आणि आवळून झाल्यावर नट आणि ब्रॅकेट दोन्हीवर मिळून नेलपेंटची एक रेघ, लाल रंगाची, बायकोची असेल तर विचारून. पुढच्या वेळी खाली टॉर्च मारली की रेघ तुटलेली कुठं ते एका नजरेत दिसतं. रॉड एंड (टोकाला बॉल असलेले सांधे) असतील तर त्यांचे जॅम नट, म्हणजे जागेवर आवळून धरणारे नट, आधी बघ, तेच पहिले सुटतात, आणि बॉलमध्ये खडखड आली की बदलायचाच, त्याला दुरुस्ती नाही.

फ्रेम १६ गेजच्या पाइपची असते, दीड मिमीपेक्षा थोडी जाड, त्यामुळं तडे जातात, त्यात घाबरायचं काही नाही पण शोधायचे. विशबोनचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सचं माउंट, पॅनहार्ड, स्टिअरिंग रॅक. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा डाय पेनेट्रंट सेट मिळतो. क्लीनरनं साफ कर, लाल मार, दहा-पंधरा मिनिटं थांब, पुसून काढ, मग पांढरा मार. तडा असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते, अगदी पेन्सिलीनं काढल्यासारखी. त्या रेघेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाड म्हणजे तडा पुढं पळणार नाही, मग व्ही घासून वेल्ड, आणि शक्य तिथं त्रिकोणी पट्टी. नुसता वेल्डवर वेल्ड चढवला तर शेजारून फुटतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोड, ईसीयूचं कनेक्टर काढ, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर. फ्रेमला पावडर कोटिंग करू नको असं माझं मत आहे, छान दिसतं पण आतला तडा लपवतं. फिकट राखाडी साधा पेंट, त्यावर गंजाची रेघ लगेच दिसते. पावसाळ्यात ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडाचा पाइप जिथं रिव्हेटनं भिडलेत तिथं पांढरी पूड यायला लागते, मधे सीलंट नाहीतर रबरपट्टी नसेल तर एकेक पत्रा काढून करावीच लागेल.

पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नव्या टाक, हे तू विचारलं नव्हतंस तरी. एमपीएफआयची लाइन अडीच-तीन बारवर चालते, तिथं कार्ब्युरेटरची साधी नळी लावली असेल तर ती कधीतरी सुटणार, आणि आता पंपावर ई२० पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि भेगाळतं. इंजेक्शनसाठीची, इथेनॉल चालणारी नळी, आणि तिला पेचवाला नीट गोल क्लँप. सीटजवळ आग विझवायचा डबा, हाताला लागेल असा. वायरिंगला नालीदार पाइप घाल, इंदूरचे उंदीर वायर काय, नाकाचा फोमही सोडत नाहीत, झाकलेली गाडी म्हणजे त्यांचं घरच.

आता शेवटी इंजिन. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचा कागद नसेल तर बदल, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याबरोबरच. पॉड फिल्टर बॉनेटच्या आत लावलास तर तो रेडिएटरची गरम हवा ओढेल, हवा दहा डिग्री जास्त गरम म्हणजे साधारण तीन टक्के विरळ, म्हणजे आवाज वाढला आणि ताकद कमी झाली. लावायचाच तर बाहेरून थंड हवेची नळी आण. कॅम नको, जास्त ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या) कॅमनं आयडलला व्हॅक्यूम पडतो आणि कंपनीचा ईसीयू गोंधळतो, मग त्याच्यामागं दुसरा ईसीयू, मग ट्यूनिंग, हे संपत नाही. टर्बोचं आत्ता नावही काढू नको. त्याऐवजी सम्प, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, बघ. जिप्सीचा सम्प उंच गाडीसाठी केलेला, खोल, आणि तुझ्या गाडीत तोच सगळ्यात खाली लोंबत असणार, पहिल्याच स्पीडब्रेकरला गेला. कापून उथळ करून घे, रुंदी वाढवून ऑइल तेवढंच ठेव, आणि आत आडव्या पट्ट्या मारून घे, म्हणजे लांब वळणात ऑइल एका बाजूला पळून पिकअप (ऑइल ओढणारी नळी) कोरडा पडणार नाही. पिकअपची जाळी आणि तळ यात ८-१० मिमी अंतर. ऑइलचा दिवा लहान असतो, उन्हात दिसत नाही, म्हणून प्रेशरचा काटा डोळ्यांसमोर लाव. ही गाडी घेऊन जोरात वळणारा माणूस ताकदीअभावी थांबत नाही, बेअरिंग जाऊन थांबतो.

राहिलं पुढच्या मडगार्डचं, फायबरला सारखे तडे जातात असं तू लिहिलंयस. तो फायबरचा दोष नाही, त्याला धरणारा लोखंडी स्टे हलतोय. स्टे अपराइटला (चाकाचा हब धरणारा उभा भाग) दोन बोल्टांनी धर, फायबर आणि स्टेच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मोठ्या वॉशरनं आवळ, आणि तडा गेलेल्या जागी आतल्या बाजूनं फायबरच्या मॅटचे दोन थर लाव. आधी चारही चाकांची वजनं घे आणि पॅनहार्ड रॉडचा फोटो टाक, मग मागच्या स्प्रिंगचं गणित आपण करू.